उलटा हात

मिरजेच्या भंगारवाल्याकडे, चाळणी झालेल्या पिंपाखाली,
पाडलेल्या कुठल्याशा डॉक्टरच्या बंगल्यातली ती पेटी.
पांढरी, कडांना पिवळी पडलेली,
दोन बारीक भोकं, वर कोरलेला रेझर.
दोनशे म्हणाला. मी दीडशे टेकवले
आणि सात वर्षं दुकानात ठेवली, फ्यूजच्या डब्यामागं.

आदगोंडा आप्पा चौगुले.
साखर कारखान्यात काट्यावर सदतीस वर्षं,
किलोभर ऊस इकडचा तिकडं झाला नाही म्हणतात.
आता हातच काट्यासारखा हलतो
आणि कुठल्याच आकड्यावर थांबत नाही.
ब्लेडनं हनुवटी दोनदा फाटली,
मग सुनेनं दाढीचं मशीन आणलं
आणि दाराच्या फटीतून आत ओढला
तीन ठिकाणी लाल टेप गुंडाळलेला बोर्ड.
उलट्या बादलीवर ठेवलेला. शॉवरखाली.

मी आधी तो उपटला.
मग बोलले.

पेटी उघडली. एकाच लोखंडावर दोन गुंडाळ्या,
तांब्याला तांबं कुठंच लागत नाही.
मेगर जोडून हँडल गरागरा फिरवलं,
काटा अनंतावर गेला आणि तिथंच राहिला.
आप्पा दारातून बघत होते.
काटा थांबला, हे त्यांना आवडलेलं दिसलं.

परसातला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा.
मीठ-कोळसा भरला, दोन बादल्या ओतल्या.
तेवढ्यात चहा आला.
उंबऱ्यावर ठेवलेला,
कान तुटलेल्या, वेगळ्या कपात.
मी प्यायले. साखर नीट होती.

पेटी बसवली आरशाशेजारी, पाणी उडणार नाही अशी.
आप्पांनी खिशातून स्वतःचा टेस्टर काढला,
एका भोकात लावला, मग दुसऱ्या.
मिणमिणलासुद्धा नाही.
"जैबुन, लाइटच न्हाई की गं ह्यात."

आहे आप्पा.
फक्त हिचं जमिनीशी नातं तोडलंय.
एरवी वीज परतीची वाट हुडकत असते,
नळ, ओली फरशी, तुमचा पाय,
जे सापडेल त्यातनं जाते.
हिची वाट ह्या दोन भोकांपुरती.
एका तारेला चुकून बोट लागलं तर ती तुम्हाला ओळखत नाही.
दोन्ही एकदम धरल्या, तर मात्र ती कुणाची नाही.
आणि ह्यात फक्त मशीन लावायचं.
इस्त्री नाही. पाणी तापवायची कांडी तर नाहीच.
कांडी म्हणताना माझा आवाज चढतो.
दोन घरांत मी उशिरा पोचले होते.

आप्पा पेटीकडे बघत राहिले.
"मग हिकडची तिकडं जाती कशी?
न शिवता?"

आयटीआयमध्ये ह्याला मला नऊ मार्क होते, दहापैकी.
मी चुंबक म्हणाले, गुंडाळ्या म्हणाले,
बोटांनी वेटोळी काढून दाखवली.
ते उंबऱ्यावरच्या कपाकडे बघत होते,
किंवा मला तसं वाटलं.

मशीन घुरघुरलं.
आरशात त्यांचा हात थरथरत गालावरनं फिरला,
पांढरी खुटं बेसिनमध्ये पडली.
मी पकड, पाने, मेगर पिशवीत भरत होते.
"राहिलंय का गं कुठं? मला आता कळत न्हाई."

अब्बा शिकवायचे: तारेला आधी उलटा हात.
तळवा लावलास तर मूठ आवळते, सुटत नाही.
उलटा हात झटक्यानं आपणच मागं येतो.
जिवंत असेल असं समजूनच हात लावायचा, म्हणायचे,
मेलीये असं सांगणारे पुष्कळ भेटतील.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी.
मी हात शर्टाला पुसला
आणि आप्पांच्या गालाला उलटा लावला.

हात मागं आला नाही.

"डाव्या कानाखाली राहिलंय," म्हणाले.