बेचाळीस व्होल्ट

नेव्हिलने अ‍ॅम्प टेबलावर ठेवला, म्हणाला,
"ताई, नवा ट्रान्सफॉर्मर चांगला आहे. म्हणूनच परत आणलाय."

रास्ता पेठेतली दुपार. खाली लोंढ्यांची गिरणी लागली
की माझ्या भिंतीतला दाब दोनशे चौदावर येतो.
ती घट आपली नव्हे. म्हणून आधी डिमरस्टॅट,
सुई दोनशे तीसवर आणून तिथेच धरायची.
स्पीकरच्या जागी आठ ओहमचा जाड रेझिस्टर,
मुका, नुसता तापणारा.
डावा हात पाठीमागे.
चारशे व्होल्टशी एकाच हाताने बोलायचं,
हे पिंपरीच्या टेस्टिंगमध्ये पहिल्या दिवशी
दातारबाईंनी शिकवलं, हातावर पट्टी मारून.

सूर नसताना: चारशे चोवीस.
हजार हर्ट्झ सोडला, व्हॉल्यूम पुरा:
चारशे अठरा.
सहा व्होल्ट! नव्याला घामसुद्धा नाही.
मी आकडा मांडला, आणि खरं सांगते,
मनातल्या मनात शाबास म्हटलं.

स्विच बंद केला तरी कपॅसिटर विसरत नाहीत,
त्यांना रिकामं केलं, मग जुना बसवला.
याचे वडील कॅम्पातल्या हॉटेलात वाजवायचे तेव्हाचा,
भोसरीत कुणा शेळक्याने हाताने गुंडाळलेला.
वॉर्निश काळं, कागद करपलेला,
तार एक गेज बारीक
(तांबं महाग असेल तेव्हा, किंवा शेळके घाईत).
तोच सूर. तीच सुई.
चारशे चोवीस
आणि मग तीनशे ब्याऐंशी.

एकतीस वर्षं असल्या मालावर मी लाल शिक्का मारला.
भाराखाली दाब राखत नाही. नापास.
हात आपोआप ड्रॉवरकडे गेला.

नेव्हिलने रेझिस्टर काढून स्पीकर जोडला,
एकच कॉर्ड मारली, जोरात,
आणि तारांवरचे हात उचलून घेतले.
व्हॉल्व्ह क्षणभर निळसर. सूर निघताच जरा बसला,
ओझं घेताना माणूस गुडघ्यात वाकतो तसा,
आणि तारा विझत असताना
उलट भरून येत गेला.
मीटरवर: तीनशे नव्वद, चारशे एक, चारशे बारा…
ऐकू येत होतं तेच दिसत होतं.

वहीत 'शेरा' असा एक रकाना आहे.
पेन तिथे टेकलं तसंच राहिलं.
"पुन्हा वाजव," म्हटलं, "रीडिंग चुकलं वाटतं."

चुकलं नव्हतं.