साठ-चाळीस

आधी मी चिंचवडला होते, इन्सुलेटरच्या कारखान्यात.
तिथं भोक म्हणजे रिजेक्ट.
नखानं टिचकी मारायची, कान द्यायचा,
आवाज बसका आला की माल भंगारात.
अकरा वर्षं असा भोकांचा दुस्वास केला.

मग भोसरीत आले, तर घाणेकर मॅडम म्हणाल्या,
द्वारका, इथं भोकंच विकायची आहेत.

पांढरी पूड. तिच्यात मेणाचे मणी, मोहरीहून बारीक.
दाबायचं, भट्टीत सरकवायचं, अकराशे पन्नासवर न्यायचं.
मेण केव्हाच उडून जातं,
मणी होता तिथं त्याची रिकामी जागा उरते.
त्या जागेत म्हणे हाड राहायला येतं,
आधी रक्त, मग जाळं, मग सगळं बिऱ्हाड.

पूड दोन जातींची.
एक राहणारी, एक जाणारी.
साठ आणि चाळीस.
जाणारी हळूहळू विरघळते, सरकून हाडाला जागा देते,
राहणारी तोवर ओझं धरते.
मी घरी हा हिशोब लावून बघितला.
सगळे शंभर टक्के राहणारे निघाले.

मयूरेशला नाशिक फाट्याला टेम्पोनं उडवलं.
गुडघ्याखालचं हाड वरून चेपलं,
उचलून बसवलं तर आत पोकळी, लिंबाएवढी.
डॉक्टर म्हणाले, याच्याच कमरेचं काढून भरू,
नाहीतर बाटलीतलं आणा.
अक्का म्हणाली, एका दुखण्यापायी दुसरं कशाला?
बाटली आली. दहा ग्रॅम.
बिल बघून ती मला म्हणते,
तुमच्याकडं तर पोत्यानं असेल गं.

फाईलवर स्टिकर होता. स्टिकरवर लॉट नंबर.
नंबर वाचला आणि मी बाकावर बसले.

त्या रात्री लाईट गेली होती.
जनरेटर उचलेपर्यंत आकडा उतरत गेला,
मी काचेतून बघत उभी.
वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात: नऊ मिनिटं.
सकाळी मॅडमनी तुकडे कापले, मोडले, लेन्सखाली धरले,
मग सही केली. सगळं रीतसर.

पण नऊ होती की बारा?
घड्याळ माझं होतं, मनगटावरचं.
डोळा लागला होता का, तेही आता आठवत नाही.

कुणाला सांगितलं नाही.
फक्त प्रत्येक वेळी फिल्म मागून घेतली,
स्वयंपाकघरात ट्यूबसमोर धरून बघितली.
पहिल्या फिल्ममध्ये खडी ओतल्यासारखी,
एकेक दाणा मोजून घ्यावा.
सहाव्या महिन्यात कडा पुसट.
चौदाव्या महिन्यात डॉक्टर दाखवायला गेले,
हे तुमचं आणि हे त्याचं,
तर पेन नुसतंच फिरत राहिलं,
टेकवायला रेघच मिळेना.

मधल्या काळात आई गेली.
मोशीला नदीकाठी सावडायला मीही गेले.
राखेतनं एक तुकडा हाती आला,
पांढरा, हलका,
आत्ताच ट्रे बाहेर काढावा तसा,
आणि मी सवयीनं त्याला टिचकी मारली.
मामा बघतच राहिला.
आवाज बसका.
मनातल्या मनात म्हणाले, पास.
तीन दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

परवा अक्काकडची ट्यूब गेली.
मयूरेश स्टुलावर चढला, होल्डर जरा लांब,
तर डावा पाय उचलून
सगळा भार उजव्यावर टाकला.
अक्का खालून ओरडतेय, अरे मेल्या, पडशील!
मी काही बोलले नाही.
नऊपर्यंत मोजलं.
मग बारापर्यंत.