मोंढ्यामागची बोळ

सेलूच्या मोंढ्यामागं एक बोळ आहे.
दोन माणसं समोरासमोर आली
तर एकानं भिंतीला पाठ लावायची, एवढीच.
तिच्या तोंडाशी माझं इस्त्रीचं दुकान,
बापापासूनचं.
बाप म्हणायचा, आपलं दुकान
कोळशावर नाही, लाजेवर चालतं.

खरं होतं.
भुजंगराव आडत्याच्या काट्यात पावशेराची खोट निघाली.
दंड भरला, पावती घेतली, मिटलं.
तरी पुढची चार वर्षं तो मोठ्या रस्त्यानं गेला नाही.
ऐन दुपारी या बोळीतनं जायचा,
वहाणा हातात घेऊन,
आवाज नको म्हणून.
जाता जाता एखादं धोतर टाकायचा माझ्याकडं,
उगंच, थांबायला कारण पाहिजे म्हणून.

शेषेराव मास्तरांनी मॅट्रिकला एका पोराला उत्तर सांगितलं.
एकच. भूमितीचं.
ऊन नसताना छत्री उघडून जायचे,
इतकी खाली धरलेली
की मी त्यांना पायजम्याच्या शिवणीवरनं ओळखायचो.

आईवर हात उचलणाऱ्या नागोरावला कुणी काही बोललं नाही.
फक्त पारावर कुणी तंबाखू मळून पुढं केली नाही.
तेवढ्यानं तो वाळला.

सगळंच बरं होतं, असं नाही म्हणत.
कौसल्यालाही याच बोळीत ढकललं होतं गावानं.
नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं
आणि ती कुणाच्या तरी लग्नात हसली.
ती जाताना मी मान खाली घालायचो.
लाज तिची नव्हती, हे तेव्हाही कळत होतं.
बोललो नाही.

आता बोळीत कुणी येत नाही.
येड्या बाभळीनं अर्धी खाल्ली,
उरलेल्यात डुकरं.

श्रावणात मुंजाजी गुत्तेदार जामिनावर सुटला,
तो मोठ्या रस्त्यानंच आला.
जेसीबीच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या,
डीजेच्या ठोक्यानं माझा पत्रा थरथरत होता.
अंगातला पांढरा शर्ट मीच केलेला,
कडक, कॉलरला दोनदा पाणी मारून.
शेषेराव मास्तरांचा नातू गाडीच्या टपावर उभा राहून
सगळं मोबाईलमध्ये धरत होता.

गुन्हा काय, तर हीच बोळ.
कागदावर ती सिमेंटची आहे, नालीसकट.
तोंडाशी संगमरवरी पाटी, काम पूर्ण.
पाटीला मी ओले रुमाल वाळत घालतो.

मग परभणीहून चौकशीचे साहेब आले.
एक बूट चिखलात रुतला, तो हातात घेऊन
तसेच एका पायावर उभे राहून विचारलं,
इथं रस्ता झालाय का?

शर्टाचे चाळीस होत होते,
मुंजाजीनं पाचशे दिले होते,
म्हणाला, राहू दे ग्यानोबा.
त्यासाठी बोललो, असं वाटत नाही.
भीतीनं म्हणावं, तर तीही फारशी नव्हती.
मी म्हणालो, झालाय की साहेब.

गरम इस्त्री सुती कापडावरनं जाते
तसं गेलं ते वाक्य.
कुठं अडलं नाही, चुणी पडली नाही.
साहेबांनी लिहून घेतलं,
थोडं हसले,
बूट माझ्या ओट्यावर आपटून झाडला.

संध्याकाळी कोळसे विझवले.
घर माझं मोठ्या रस्त्यानं, मशिदीच्या पलीकडं.
चाळीस वर्षं त्याच वाटेनं जातो,
गफूर चहावाला रोज हाक मारतो.
त्या दिवशी पाय बोळीत वळले.
वहाणा हातात घेतल्या.
टाचेत काटा गेला, ओरडलो नाही.
मधे, जिथं दोघं मावत नाहीत,
तिथं भिंतीला पाठ लावून
बराच वेळ थांबलो,
समोरून कुणी येईल म्हणून.