सक्तीचा रकाना

सालातिगाच्या डोंगरउतारावर, कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात
दुपारी दोनला विरात्मी अर्ज उघडते.
सतरा रकाने. नऊ रकान्यांवर लाल चांदणी.
चांदणी म्हणजे: भरल्यावाचून पुढचं पान नाही.

तिसरा रकाना आडनावाचा.

समोर तुगिमिन बसलाय, मुठीत पेनड्राइव्ह.
सोयाबीनचं टेम्पे सागाच्या पानात बांधलं तर किती दिवस टिकतं
आणि केळीच्या पानात किती,
यावर दोन वर्षं आणि आईचं अख्खं स्वयंपाकघर
खर्ची घातलेला.
नाव? तुगिमिन.
पुढे? पुढे काही नाही.
वडलांचं? सारजिमान. तेही तेवढंच.
जावा बेटावर पुष्कळांना एक नाव पुरतं,
हाक मारायला आणखी लागतं काय?

यंत्राला पुरत नाही.

आधीच्यांनी काय काय भरलं, त्याची यादी तिने काढली:
कुणी टिंब. कुणी आडवी रेघ.
कुणी आपलंच नाव दोनदा, दारावर दोनदा वाजवावं तसं.
एका मुलीने गाव लिहिलं,
एकाने, घाईत असावा, मार्गदर्शकाचं नाव;
तो प्रबंध आता सरांच्या घराण्यात दत्तक गेलाय.
आणि तीनशे बारा जणांनी प्रामाणिकपणे लिहिलं 'तिदाक अदा',
म्हणजे 'नाही'.
शोधयंत्राच्या हिशेबी
कॉलेजातलं सर्वांत मोठं कूळ ते.
'नाही' घराण्यातले तीनशे बारा भाऊबहीण,
कुणी तुडतुड्यांवर लिहिलेलं, कुणी लवंगेच्या मररोगावर,
एकमेकांना कधी न भेटलेले.

शोधायला जावं तर हाती लागत नाहीत.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथे तर आडात पाणी आहे, काठोकाठ,
पोहराच भलत्या दोरीला बांधलेला.

अर्ज रचला बोनार सिलाबानने. तो वरच्या मजल्यावर बसतो.
बाताक आहे, तोबा सरोवराकडचा.
दोन बाताक भेटले की आधी कूळ विचारतात,
मग ठरतं, कोण कुणाचा काका
आणि कुणाशी सोयरीक वर्ज्य.
त्याला चौदा पिढ्या पाठ आहेत.
चांदणी लावताना त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.
त्याच्या मनात आडनाव नसलेला माणूसच नव्हता.

विरात्मी जिना चढली ती भांडायचं ठरवून.
म्हणाली, माझं आडनाव टाइप कर.
आठ वर्षं तिच्या थर्मासमधला आल्याचा चहा पिणारा तो,
त्याची बोटं कीबोर्डवर गेली
आणि तिथेच राहिली.

मराठीत शब्द नेमका आहे.
आड येतं, ते आडनाव.

मग चांदण्या मालवत गेल्या. नवांच्या चार झाल्या.
'एकच नाव आहे' अशी एक चौकट आली, टिचकीएवढी.
'विषयसंज्ञा' खाली दोन ओळी आल्या, माणसाने माणसाला सांगाव्यात तशा.
वीज गेली तरी भरलेलं आता जात नाही.
लेखकांची क्रमवारी मात्र बिघडली,
त्यावर बोनार अजून कुरकुरतो.

तीनशे बारा नोंदी हाताने सुधारायच्या होत्या.
विरात्मी रोज संध्याकाळी चार फोन करायची.
एकजण कालिमंतानच्या खाणीवर निघाला.
एकीने ओळखलंच नाही: प्रबंध? माझा? अजून आहे?
टिंब कुणाचं, ते काही कळलं नाही.
ते टिंबच राहिलंय.

तुगिमिनचा अर्ज साडेतीनला पुरा झाला.
उठता उठता तो शेवटच्या रकान्याशी थबकला.
'सहभाग'. ऐच्छिक.
आजवर कुणीही न भरलेला.
इथे प्राध्यापकच लागतात का, त्याने विचारलं,
की पानं बांधणारी बाई चालते?

विरात्मीने माऊस त्याच्याकडे सरकवला.
त्याने एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत,
लेगियेम लिहिलं,
आणि सवयीने वर बघितलं,
यंत्र पुढे काही विचारतंय का.