चार के

रणोलीच्या कारखान्यात रात्रपाळी,
मशीनच्या खोलीत इतका गारठा
की मे महिन्यातही माझ्या खुर्चीवर स्वेटर असतो.

माझं काम मोजायचं.
कुठल्या जॉबनं किती जागा मागितली,
किती वापरली, किती परत केली.
शेवटचा रकाना कोणी बघत नाही.
मी बघते.

इथे प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, सगळं घर आपलंच.
खरी जागा एवढीशी. न लागणारी पानं मशीन
गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवतं,
हाक आली की धावत परत आणतं.
ये-जा फार वाढली की नुसतीच धावपळ,
काम काहीच नाही. लग्नघर म्हणा.

सोळा मेगाबाइटवर एक रेषा आहे.
तिच्या वर जागाच जागा,
पण जुन्या प्रोग्रामांना पलीकडचं दिसत नाही,
चोवीस बिटांचे डोळे.
दांडिया बाजारात आमचे काका अजून
अलकापुरीला निघाले की सांगतात,
"जरा गावाबाहेर जाऊन येतो."
तसेच हे.

त्यातलाच एक, हजेरीचा जॉब.
रोज रात्री रेषेखालच्या सामाईक जागेतून
चार के घेतो. एक पान.
जॉब संपतो, पान अडकलेलंच राहतं,
आता ते कोणाचंच नाही.
अडतीस रात्री मी वहीत लिहीत गेले.
पारेख हसला, "बेन, पानाचा हिशेब गल्ल्यावरचा ठेवेल.
रविवारी मशीन बंद-चालू करू, सगळं साफ."

मग मी जुनं लिस्टिंग काढलं,
कडा पिवळ्या पडलेलं.
मागण्याची ओळ होती, परत करण्याची नव्हती,
आणि वर नाव : व. शं. शिरगावकर.

तेच शिरगावकर,
जे चहाचे उसने आठ आणे
दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर
मोजून ठेवायचे,
मी नको नको म्हणत असताना.

सकाळी पाळी सुटल्यावर कारेलीबागेत फोन लावला.
सुनेनं दिला त्यांच्याकडे. कोण, काय,
दोनदा सांगावं लागलं.
मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
"घेतलं होतं खरं," म्हणाले,
"पण परत केलं ना मी?"

हो म्हणाले.

ओळ दुरुस्त होईल, अर्ज दिलाय,
सही व्हायची आहे.
आज एकोणचाळीसावी रात्र.
वहीत लिहिलं : एकशे छप्पन्न के.
नावाचा रकाना कोराच ठेवला.