किल्ली फिरवायच्या आधी

किल्ली फिरवायच्या आधी आबा म्हणतात, थांब.
हे पहिलं.
बाकी सगळं त्याच्यानंतर.

उद्यमनगरात साडेसहाला
कालची काळी वाळू गटाराच्या कडेनं ओली असते,
कुठल्यातरी शेडात लेथखाली कुत्रं झोपलेलं
आणि आमच्या दारात ती, शंभर सीसीची,
टाकीवर आबांच्या गुडघ्यांनी घासून
दोन पांढरे डाग पडलेली.

एकतीस वर्षं त्यांनी चालवली.
श्रावणात डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली
तेव्हा खालच्या तीन ओळी
पाठ असल्यासारख्या म्हणून दाखवल्या, सगळ्या चुकीच्या.
काचबिंदू.
कडेचं दिसत नाही, बाई म्हणाल्या, फक्त समोरचं,
नळीतून बघितल्यासारखं.
आबा बाहेर येऊन म्हणाले,
मग बास की. गाडी काय, समोरच जाती.

मग कपिलतीर्थाजवळ एक पोरगी
सायकलवरून डावीकडनं आली
आणि त्यांना ती
तिची टोपली हँडलला आपटल्यावर कळली.
पोरीला काही झालं नाही.
चाकाच्या दोन तारा वाकल्या, टोपलीतली वांगी रस्ताभर.
त्या रात्री किल्ली
माझ्या जेवणाच्या डब्यावर ठेवलेली होती.
बोलले काहीच नाहीत.

आता मी पुढं, ते मागं.
'कॉक?'
चालू.
'न्यूट्रल?'
हिरवा दिवा लागत नाही, दस्तगीरनं वायर काढलीय कधीची,
म्हणून मी गाडी पुढंमागं हलवून बघते.
'स्टँड?'
इथं ते स्वतः वाकून हातानं चाचपतात.
त्यांच्या डाव्या नडगीवर लांब व्रण आहे,
शिये फाट्याचा, स्टँड न काढता वळल्याचा.
आम्हाला लहानपणी सांगितलेलं, कुस्तीतला आहे.

'चोक ओढ. उगं कान पिळू नको तिचा.
आणि किक पायानं नाही, अंगानं.'
पहिली. नुसता खोकला.
दुसरी. समोरच्या शकुभाभी ब्रश तोंडात धरून दारात.
तिसरीला ती बोलते
आणि आबा मान तिरकी करून ऐकतात,
लाकडाचा पॅटर्न बोटानं वाजवून
कुठं पोकळ आहे ते सांगायचे, तसे.
'ढकल चोक आत. हां. आता सरळ बोलाय लागली.'

हेल्मेटचा पट्टा त्यांचा त्यांना सापडत नाही.
मी लावते, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा सैल,
दाढीचे खुंट बोटांना टोचतात.
मग माझा.
आरसा उजवा. आरसा डावा.
'आरशावर जाऊ नको. मान फिरव.
आरशात येत नाही तीच आदळती.'
हे बोलून जरा वेळ गप्प.

मागं बसायचं त्यांना ठाऊक नाही.
हात आधी मांड्यांवर, मग डब्याच्या पिशवीवर,
शेवटी मागच्या कॅरियरला, घट्ट,
बोटांची पेरं पांढरी होईस्तोवर.

'आबा, सोडतो क्लच.'
'सोड. झोपलेल्या पोराच्या मानेखालनं
हात काढत्यात, तसा.'

गाडी निघते. बंद पडत नाही.
शकुभाभी ब्रशसकट हात वर करतात.

गल्लीच्या तोंडाशी थांबते.
कारखाने सुरू झालेत, मोठ्या रस्त्याला उसाची ट्रॉली चाललीय,
मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही,
आणि तिला बांधलेली दुसरी, डुलत.
मी ब्रेक दाबायच्या आधी
मागं आबांचा उजवा पाय फुटरेस्टवर दाबला जातो,
सगळी गाडी हलते.
पाठीमागचा टेम्पोवाला हॉर्न देतो. देऊ दे.

ट्रॉल्या जातात. उसाचं एक कांडं रस्त्यावर पडून राहतं.
मी डावा इंडिकेटर लावते.
आबा कानाजवळ येऊन म्हणतात,
'डावीकडनं मोकळं हाय. काढ.'

मी म्हणते, हो आबा.
आणि मान फिरवून बघते.