खुळखुळा

शनिवारी एपे गावच्या वाचनालयात, कोपऱ्यातल्या टेबलावर
माझं दुकान : दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक,
एक भिंग, स्वयंपाकघरातला वजनकाटा,
आणि न्हाणीघराच्या कामातून उरलेली टाइल, उलटी ठेवलेली.
तिची पाठ खरखरीत, झिलई नसलेली. खरी परीक्षा तीच घेते.

लोक दगड आणतात. बहुतेक जण आकाशातलं काहीतरी आणतात.

वेसेल ब्राउवरनं बिस्किटांच्या डब्यातून आणली,
टॉवेलात गुंडाळलेली उल्का.
"बाबांना सापडली, सत्तेचाळीस साली, बटाट्याच्या वावरात.
कपाटात वरच्या खणात असायची. हात लावायचा नाही."
बाबा जाऊन एकवीस वर्षं झाली.
यानं अजूनही हात लावला नव्हता. आज लावला, तोही टॉवेलासकट.

मूठभर. काळपट तांबूस. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले.
चुंबक दोऱ्यावर ढिम्म.
टाइलवर ओढला : रेघ पिवळी, मोहरी वाटल्यासारखी.
काळी नाही, लालही नाही.
"लोखंड आहे," मी म्हणाले, "पण इथलंच. गंजलेलं."

त्याचा चेहरा पडला. असे चेहरे मी पुष्कळ पाहिलेत.
त्यावर माझ्याकडे औषध नाही, फक्त माहिती :
नद्यांनी टाकलेली वाळू, वाळूत मातीचे गोळे,
पाण्यात विरघळून हिंडणारं लोखंड.
गोळ्याच्या कडेला त्याला हवा भेटली आणि ते तिथेच बसलं,
थरावर थर. साल घट्ट होत गेली,
आतली माती सुकली, आक्रसली, सालीपासून सुटली.
हजारेक वर्षांपूर्वी फेलुवेच्या या माळावर
भट्ट्या पेटवून लोकांनी असल्याच दगडांतून लोखंड काढलं.
जंगल जाळलं त्यासाठी...

"सुटली म्हणजे?" त्यानं मधेच विचारलं.

मी दगड त्याच्या कानाशी नेऊन हलवला.

खुळ्. खुळ्खुळ्.

इतकी वर्षं कपाटात. कुणी हलवलाच नव्हता.

तो हसला नाही. दगड हातात घेतला, टॉवेलाशिवाय.
पुन्हा हलवला. मग डाव्या कानाशी धरला,
उजव्यानं कमी ऐकू येतं म्हणाला.
"बाबांना माहीत असेल?"
याची रेघ टाइलवर उमटत नाही.

नोंदवहीत लिहिलं : लिमोनाइट. पोकळ. गाभा सुटा. उल्का नाही.
वजन करायचं राहिलं.
डबा आणि टॉवेल तो टेबलावरच विसरला.

द्यायला म्हणून खिडकीशी गेले :
कोटाच्या खिशाला दगडाचा फुगवटा,
समोर विटांचा रस्ता, कडेला सायकलींसाठी गुळगुळीत पट्टी.
पट्टी सोडून तो
मुद्दाम विटांवरून चालला होता.